कळमेश्वरची लेथ आणि राहून गेलेलं उत्तर

मित्रांनो, माझ्याकडे पाहून तुम्हाला वाटेल, हा कसला लोखंडाचा ढीग भिंतीशी पडला आहे. तसं वाटण्यात तुमची काही चूक नाही. माझा हिरवा रंग आता फक्त सांध्यांमध्ये उरला आहे. पण मी ढीग नाही. मी एक जुनी लेथ आहे. कुंभाराच्या चाकावर जशी माती फिरते, तसं माझ्यावर लोखंड फिरतं आणि पोलादी हत्याराने कातून त्याला आकार देतात. तुमच्या शेतात किंवा गच्चीवर पाण्याचा पंप असेल, तर त्याच्या पोटात एक दांडा गरागरा फिरत असतो. त्याला शाफ्ट म्हणतात. असे हजारो शाफ्ट मी कळमेश्वरच्या एमआयडीसीत या शेडमध्ये उभी राहून घडवले.

माझा जन्म मात्र इथला नाही. मी जिथे जन्मले तो देश आता नकाशावरच नाही. सोव्हिएत संघ असं त्याचं नाव होतं. तिथल्या कारखान्यात हिवाळ्यात खिडक्यांच्या काचांवर बर्फ चढायचा आणि कामगार हातमोजे घालून मला घासायचे. माझ्या अंगावर त्यांनी रशियन अक्षरांची एक पितळी पट्टी ठोकली. मग जहाजाने मी मुंबईला आले, मालगाडीने नागपूरला आणि ट्रकने कळमेश्वरला. वर्ष होतं एकोणीसशे एकोणऐंशी.

मला आणलं ओमप्रकाश शेठजींनी. नागपूरच्या इतवारी बाजारात त्यांचं भांड्यांचं दुकान होतं. दुसऱ्यांनी घडवलेलं विकण्यापेक्षा आपण काहीतरी घडवावं, असं त्यांच्या मनाने घेतलं. मला ट्रकमधून उतरवलं तेव्हा त्यांनी नारळ फोडला आणि सगळ्या एमआयडीसीला पेढे वाटले. त्या काळी माझ्या देशाची आणि या देशाची मोठी मैत्री होती. आजूबाजूच्या कारखान्यांतले लोक मुद्दाम मला बघायला यायचे. 'रशियन बाई' हे नाव त्यांनीच मला दिलं.

दोन वर्षांनी माझ्यापुढे एक एकोणीस वर्षांचा मुलगा येऊन उभा राहिला. तो रुपराव. जवळच्याच गावच्या शेतकऱ्याचा मुलगा. आयटीआयमधून टर्नरचं, म्हणजे लेथवर कातायचं काम शिकून आलेला. पहिल्याच दिवशी त्याने माझं हत्यार मोडलं आणि शेठजी रागावतील म्हणून तो तुकडा खिशात घालून घरी नेला. पण सहा महिन्यांत त्याला माझा आवाज कळू लागला. हत्याराची धार गेली की मी जरा जड कण्हते. तेवढ्यावरून, न बघता, पाठमोरा असतानाच तो म्हणायचा, "थांब व बाई, बदलतो." त्याने कातलेला शाफ्ट हातात घेऊन शेठजी उजेडात धरत आणि नुसती मान डोलवत. ती मान डोलली की रुपरावांचा तो दिवस सोन्याचा जात असे. आमची दोघांची तरुणपणाची वर्षं अशी गेली.

एक्याण्णव साल संपता संपता एके दुपारी शेठजी वर्तमानपत्र घेऊन आत आले आणि म्हणाले, "रुपराव, तुह्या बाईचं माहेर गेलं गा. देशच मोडला."

रुपराव डबा खात होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, "माहेर गेलं तं गेलं, शेठजी. ते आता आपल्याच घरची हाय."

मित्रांनो, त्या एका वाक्यावर मी पुढची किती वर्षं काम केलं, हे मलाच ठाऊक.

त्या दिवसांत मोठी माणसं म्हणायची की मोठ्या देशांची भांडणं आता मिटली. आता सगळं जग म्हणजे एक बाजार. जिथे स्वस्त मिळेल तिथून आणा, जिथे खपेल तिथे विका. मलाही ते खरं वाटलं. शेठजी वारले, त्यांचा मुलगा कृष्णकांत काम पाहू लागला. तो हुशार निघाला. आमचे शाफ्ट अमेरिकेतल्या एका पंपाच्या कारखान्याला जाऊ लागले. मागणी वाढली, तेव्हा दोन हजार अठरा साली त्याने चीनमधून नवी मशीन आणली. पांढरी शुभ्र, काचेच्या दाराची, संगणकावर चालणारी. मी दिवसभरात जेवढं कातायची, तेवढं ती जेवणाच्या सुटीआधी कातून टाकायची.

मला कोपऱ्यात सरकवलं आणि रुपराव नव्या मशीनचा माल मापून, घासून शेवटचा हात द्यायचं काम करू लागले. माझ्यावर तेलाचे डबे ठेवू लागले. मला वाईट वाटलं, हे मी लपवणार नाही. त्या पांढऱ्या मशीनचा मी मनातून रागराग केला. पण तिच्यामुळेच आमच्या शेडमध्ये लिऊ आला, म्हणून मग माझा राग गेला.

लिऊ हा त्या मशीनचा इंजिनिअर. चाळिशीतला, बारीक अंगाचा, जाड भिंगाचा चष्मा. मशीन बसवायला आणि इथल्या लोकांना शिकवायला तो चोवीस दिवस राहिला. दुसऱ्या दिवशी त्याची नजर माझ्यावर गेली. तो धावतच आला, डबे बाजूला केले, माझ्या अंगावर हात ठेवला आणि मोठ्याने काहीतरी ओरडला. कृष्णकांतला वाटलं, याला शॉक बसला. लिऊने खिशातून फोन काढला, त्यात बोलला आणि फोन हिंदीतून बोलू लागला. माझ्या आजोबांनी अशाच मशीनवर सगळं आयुष्य काढलं, असं तो सांगत होता.

तेव्हापासून दुपारचा डबा तो माझ्याजवळच स्टूल टाकून रुपरावांबरोबर खाऊ लागला. इथलं तिखट त्याला सोसेना. म्हणून रुपरावांची बायको जयवंता त्याच्यासाठी वेगळा, कमी तिखटाचा गोळाभात, म्हणजे डाळीचे गोळे घातलेला भात, पाठवायची. एकदा ती स्वतः डबा घेऊन आली, तेव्हा लिऊने मनापासून तिची स्तुती केली आणि फोन हिंदीत म्हणाला, "आपकी पत्नी बहुत स्वादिष्ट चावल है." जयवंता पदर तोंडाला लावून हसत बाहेर पळाली. रुपराव इतके हसले की त्यांना ठसका लागला.

लिऊ त्यांना 'शिफू' म्हणायचा. कारागिरीतल्या थोर माणसाला त्यांच्याकडे तसं म्हणतात. रुपराव त्याला 'लिऊभाऊ' म्हणायचे. नव्या मशीनवर त्याने गोपिकाला तयार केलं. गोपिका तेव्हा नुकतीच कॉलेज संपवून आली होती. मुलगी हे काम करेल का, अशी शंका बाकीच्यांना होती. लिऊला नव्हती आणि रुपरावांनाही नव्हती.

एके दिवशी जेवताना लिऊने आजोबांची गोष्ट सांगितली. मी ती अजून विसरले नाही.

सत्तर वर्षांपूर्वी माझा देश आणि लिऊचा देश यांची गळ्यात गळे घालण्याइतकी मैत्री होती. माझ्या देशाने तिकडे मशिनी पाठवल्या आणि त्या शिकवायला माणसंही पाठवली. त्यांतला निकोलाय नावाचा एक कारागीर लिऊच्या आजोबांचा गुरू झाला. तीन वर्षं दोघं एका मशीनवर शेजारी शेजारी उभे राहिले. मग दोन्हीकडचे पुढारी भांडले. एका उन्हाळ्यात हुकूम आला की सगळे रशियन परत जाणार. निकोलायने निरोप पाठवला, अमुक दिवशी, अमुक गाडीने निघतो. कारखान्यात मात्र कुजबुज सुरू झाली होती, की त्यांच्याशी फार सलगी केलेल्यांची नावं लिहून ठेवली जातायत. आजोबा घाबरले. स्टेशनवर गेले नाहीत.

"मरेपर्यंत ते एकच म्हणायचे," लिऊ सांगत होता. "मी स्टेशनवर जायला हवं होतं."

रुपरावांनी घास खाली ठेवला. म्हणाले, "जायाचंच होतं तुमच्या आजोबानं. देशाचं भांडण देशापाशी. मी असतो तं गेलो असतो."

ते खरोखर मनापासून बोलत होते, मित्रांनो. आपल्यावर वेळ आलेली नसते, तेव्हा आपण सगळेच मनापासून बोलतो.

लिऊ गेला. जाताना त्याने रुपरावांच्या फोनमध्ये आपल्या देशातलं, निरोप पाठवायचं एक अ‍ॅप घालून दिलं. ते निरोपाचं आपोआप हिंदी करून दाखवायचं. मग दर पंधरा दिवसांनी काहीतरी यायचं. त्याच्या मुलीचा वाढदिवस. त्यांच्या गल्लीतला बर्फ. रुपराव इकडून संत्र्यांनी लगडलेल्या झाडाचा फोटो पाठवायचे, पोळ्याला सजवलेल्या भावाच्या बैलांचा फोटो पाठवायचे. आणि दुर्गेशचा. दुर्गेश हा रुपरावांचा मुलगा. सैन्यात ड्रायव्हर. त्याचा वर्दीतला फोटो पाहून लिऊने विचारलं होतं, तो कुठे असतो? रुपरावांनी लिहिलं, थंड ठिकाणी.

दोन हजार वीस उजाडलं आणि लिऊच्या देशात कोरोनाची साथ पसरली. त्याचं शहर बंद झालं. रुपराव रोज सकाळी माझ्याजवळ उभे राहून गोपिकाकडून लिहून घ्यायचे, "लिऊभाऊ, बरा हायेस ना? पोरगी बरी हाय ना?" रोज, न चुकता, दीड महिना. त्याचं एकदा उत्तर आलं, "शिफू, तुम्ही विचारता म्हणून सकाळ बरी जाते." रुपरावांनी ते जयवंताला दाखवायला फोन तसाच उघडा धरून घरी नेला.

मग साथ इकडेही आली. आमची शेड बंद झाली आणि जूनच्या सुरुवातीला पुन्हा उघडली. त्याच महिन्यात लडाखमध्ये दोन्ही देशांच्या सैनिकांची झटापट झाली. आपले वीस जवान गेले.

दुर्गेश तेव्हा तिकडेच होता.

त्याचा फोन लागेना. घरी बसवेना म्हणून रुपराव कामावर आले. शेवटचा हात देताना त्यांनी लागोपाठ दोन शाफ्ट बिघडवले. चाळीस वर्षांत असं झालं नव्हतं. एमआयडीसीच्या फाटकाशी लोक जमले होते. चिनी मशीन कोणाकोणाकडे आहेत, त्या बाहेर काढा, असं कोणीतरी ओरडलं. कृष्णकांतने शटर अर्धं खाली ओढलं आणि पांढऱ्या मशीनच्या नावावर पोतं टाकलं.

तिसऱ्या दिवशी रुपरावांचा फोन वाजला. तो माझ्यावरच ठेवलेला होता. गोपिका जवळ होती, तिने पाहिला.

"काका, लिऊ सरचा हाय. विचारून राह्यले, तुमचा मुलगा त्या डोंगरावर तं नाही ना? तो सुखरूप हाय ना? काय लिहू?"

रुपरावांनी मान वर केली नाही. "काही नको लिहू."

"काका, ते काळजीनं विचारून राह्यले."

"आता काहून विचारते तो?" रुपरावांचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता. "त्याच्याच मानसायनं मारले ना आपले पोट्टे? आता काळजी दाखवते?"

"लिऊ सरनं नाही मारले काका."

"चूप राह्य वं!"

गोपिका मशीनवर गेली आणि पाठ फिरवून डोळे पुसले. रुपरावांनी फोन उचलला आणि पालथा करून ठेवला. लोखंडावर फोनची काच टेकली तेव्हा जो लहानसा आवाज झाला, तो मला अजून ऐकू येतो. मित्रांनो, मी त्यांना दोष देत नाही. ज्याचं लेकरू सापडत नाही, त्या बापाला शहाणपण कोण शिकवणार? पण मला वाईट वाटलं. मला वाचा असती तर मी एवढंच म्हटलं असतं, की तुम्ही दीड महिना रोज ज्याला विचारत होता, तोच हा.

नवव्या दिवशी दुर्गेशचा फोन आला. "बाबा, मी बरा हावो. इथं लाइनच नव्हती." रुपराव उभे होते ते खाली बसले. माझ्या पायाशी, लोखंडाच्या किसात, दोन्ही हातांनी तोंड झाकून लहान मुलासारखे रडले. कृष्णकांतने लगेच माणूस पाठवून पेढे मागवले.

रडणं ओसरल्यावर गोपिका हळूच म्हणाली, "काका, आता तरी त्यायले कळवू? काल पुन्हा आला होता मेसेज. नुसतं 'शिफू?' एवढंच."

रुपरावांनी बाहीने तोंड पुसलं. मग म्हणाले, "कळवू. घाई काय हाय? राग तं जाऊ दे माहा."

तो राग जायला त्यांनी चार-पाच दिवस घेतले. एका सकाळी ते येऊन म्हणाले, "लिही व पोरी, दुर्गेश बरा हाय म्हनून." गोपिकाने अ‍ॅप उघडलं. ते उघडेना. रुपरावांना वाटलं, फोन बिघडला.

"फोन नाही बिघडला काका," ती म्हणाली. "सरकारनं बंद केलं ते अ‍ॅप. चिनी होतं ना."

तरी एक वाट होती. लिऊच्या कंपनीचा पत्ता, नंबर कृष्णकांतकडे होता. रुपराव त्याच्याकडे गेले. तो म्हणाला, "काका, सध्या राहू द्या. वातावरण पाहून राह्यले ना तुम्ही? उगाच कोनी बोट दाखवन." आणि रुपराव माघारी फिरले. खरं सांगायचं तर त्यांनाही थोडं बरंच वाटलं असावं, कारण उशीर झाल्यावर तोंड दाखवायची लाज वाटतेच. आज लिहू, उद्या लिहू करता करता पावसाळा गेला आणि मग त्या विषयावर कोणी बोलेना.

पुढच्या वर्षी पांढरी मशीन बंद पडली. तिच्या आत कुठलंतरी कार्ड जळालं. नवं कार्ड बसवल्यावर त्या कंपनीच्या इंजिनिअरने स्वतः येऊन कुलूप उघडावं लागतं, अशी तिची रचना. इंजिनिअरला व्हिसा मिळेना. पुण्याहून एक माणूस आला, दोन दिवस डोकं खाजवून परत गेला. कृष्णकांतने मशीनवर मोठं प्लास्टिक घातलं. गोपिका, जिने त्या मशीनवर हात बसवला होता, ती खोक्यांना पट्ट्या मारायला लागली. आणि रुपराव, जे घरी बसणार होते, त्यांना बोलावून घेतलं. माझ्यावरचे डबे उतरले. पुन्हा मी फिरू लागले.

तुम्हाला वाटेल, मला आनंद झाला असेल. झाला, थोडासा. पण जेवणाच्या सुटीत रुपराव त्या प्लास्टिककडे बघत बसायचे, तेव्हा माझा आनंद मला शोभत नाही असं वाटायचं.

त्यानंतर माझं स्वतःचं माहेर लढाईला निघालं. शेजारच्या देशावर चालून गेलं. त्याच सुमारास माझ्या एका गिअरचा दात तुटला. मी जन्मले त्या गावात अजून असे गिअर बनतात, असं कृष्णकांतने शोधून काढलं होतं. पण तिकडे पैसे पाठवायला बँक तयार नाही आणि माल आणायला कोणी तयार नाही. शेवटी नागपुरात एकाकडून गिअर कापून घेतला. तो बसला, पण तेव्हापासून मी खडखडते. रुपराव गिअरवर हात ठेवून म्हणाले, "बाई, तुह्या माहेरच्यायलेबी काय झालं वं हे?"

आणि गेल्या वर्षी अमेरिकेने आपल्या मालावर जबर कर बसवला. तिकडच्या कारखान्याचं पत्र आलं, फार सभ्य पत्र, की सध्या माल पाठवू नका. भरलेली खोकी दाराशी रचून ठेवली होती, ती तशीच राहिली. सात कामगारांपैकी तिघांना कृष्णकांतने घरी जायला सांगितलं. सांगताना तो त्यांच्याकडे न बघता खोक्यांकडे बघत होता.

मित्रांनो, एकेकाळी मिटली म्हणून सांगितलेली मोठ्या देशांची भांडणं अशी एकेक करून परत आली. इथे तोफ आली नाही की रणगाडा आला नाही. आलं ते असं. एक न उघडणारं अ‍ॅप, एक जळलेलं कार्ड, एक न मिळालेला गिअर, एक सभ्य पत्र. आमच्या शेडमधल्या कोणाचंही कोणाशी भांडण नव्हतं.

मग वारा थोडा फिरला. या वर्षी जानेवारीत चीनच्या इंजिनिअरला व्हिसा मिळाला. रुपराव त्या दिवशी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून आले. जयवंताने गोळाभाताचा डबा भरून दिला होता. गाडीतून उतरला तो एक पोरगेलासा इंजिनिअर. नाव चेन. लिऊ नव्हता.

चेन चांगला मुलगा होता, पण जपून वागणारा. डबा पुढे केला तर हात जोडून नको म्हणाला आणि आपल्या बॅगेतलं काहीतरी गरम पाण्यात भिजवून खाल्लं. बाहेर कोणात मिसळायचं नाही, असं त्यांना बजावूनच पाठवलं असावं. चार दिवसांत त्याने मशीन सुरू करून दिली. काच उजळली, दिवे लागले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आणि टाळ्या थांबल्यावर सगळ्यांच्या एकदम लक्षात आलं की तिच्यावर चढवायला कामच नाही.

चौथ्या दिवशी रुपराव गोपिकाला घेऊन चेनजवळ गेले. गोपिकाला इंग्रजी येतं. तिने विचारलं, लिऊ सर कसे आहेत? चेन म्हणाला, ते आता बाहेर जात नाहीत, ऑफिसातच असतात.

"त्याले म्हन, एक फोन लावून दे," रुपराव म्हणाले. "दोन मिनिटं."

चेनने बराच वेळ विचार केला. मग माझ्याच शेजारी उभं राहून फोन लावला. पडद्यावर लिऊ आला. केस पांढरे झाले होते. त्याच्या मागे टेबलं होती आणि माणसं बसली होती.

"लिऊभाऊ!" रुपराव जवळजवळ ओरडलेच.

लिऊचा चेहरा क्षणभर उघडला. खरंच उघडला, मी पाहिलं. मग त्याने मान किंचित मागे वळवली, पुन्हा समोर पाहिलं आणि सावकाश इंग्रजीत बोलला. गोपिकाने सांगितलं, "ते म्हनून राह्यले, हो, मले तो कारखाना आठवते. मशीन ठीक चालत असन अशी आशा हाय. तुमच्या कंपनीची भरभराट होवो."

रुपरावांनी पाच वर्षं काय काय ठरवलं होतं, कोण जाणे. त्यातलं काही त्यांना आठवेना. ते एवढंच म्हणाले, "दुर्गेश बरा हाय." मराठीतच म्हणाले. गोपिकाने इंग्रजीत सांगायला तोंड उघडलं, तोवर लिऊ आभार मानून गेला होता. पडदा काळा झाला. त्याला ते ऐकू गेलं की नाही, कळायला मार्ग नाही.

चेनने फोन खिशात घातला आणि अवघडून बाजूला झाला. रुपराव माझ्या चाकावर हात ठेवून उभे राहिले.

"मागं सायब लोक बसले होते काका," गोपिका म्हणाली. "बोलता नसन आलं त्यायले."

"हो ना वं," रुपराव म्हणाले. "मलेबी तवा बोलता आलं नव्हतं."

दुसऱ्या दिवशी त्यांनी चेनकडून कंपनीचा पोस्टाचा पत्ता मागून घेतला. चेनने तो स्वच्छ अक्षरात लिहून दिला. मग रुपरावांनी मजकूर सांगितला आणि गोपिकाने तो इंग्रजीत लिहिला. चारच ओळी होत्या. तू माझ्या मुलाची खुशाली विचारली होतीस. तो बरा आहे, त्याला आता दोन मुली आहेत. मी तेव्हा उत्तर दिलं नाही, ती माझी चूक झाली. माझा तुझ्यावर राग नव्हता, पण मी तो तुझ्यावर काढला. खाली रुपरावांनी मराठीत सही केली आणि जयवंताने आपलं नाव लिहिलं. कळमेश्वरच्या पोस्टातून पत्र रजिस्टरने गेलं.

अजून उत्तर आलेलं नाही. आलं नाही म्हणून रुपराव आता कोणावर चिडत नाहीत. "त्याले जमन तवा तो लिहीन," म्हणतात. पोस्टमन फाटकाशी दिसला की मात्र त्यांचा हात जागच्या जागी थांबतो.

माझं पुढे काय होईल, ठाऊक नाही. गेल्या आठवड्यात एक भंगारवाला मला बघून गेला. रुपरावांनी त्याला चहासुद्धा पाजला नाही. पण कृष्णकांतचाही नाइलाज आहे, ते मला दिसतं. मी गेले तरी तुम्ही हळहळू नका. लोखंड वितळतं, पुन्हा कशाच्यातरी कामी येतं. माणसाच्या मनाचं तसं नाही. ते एकदा थंड झालं की त्याला तापवायला भट्टी नाही.

म्हणून जाण्याआधी तुमच्याकडे एकच मागणं आहे. मित्रांनो, मोठे देश भांडतील. ते रुसतील आणि त्यांना सोयीचं होईल तेव्हा पुन्हा हात मिळवतील. त्यांच्याकडे रुसायला शंभर-शंभर वर्षं असतात. तुमच्याकडे नसतात. दुरून कोणी तुमची काळजी केली, तर तो कुठल्या देशाचा, कुठल्या गावचा, कुठल्या बाजूचा, हे पाहत बसू नका. त्याच दिवशी त्याला उत्तर द्या. मनात राग असला, तरी द्या. फार लिहावं लागत नाही. 'आम्ही बरे आहोत' एवढे तीन शब्द पुरतात.

आमच्या रुपरावांना ते लिहायला साडेपाच वर्षं लागली.